डबा वाजला की

मिठाचा हंगाम लागला की आमच्याकडे लहान मुलं बांधतात. ऐकायला वाईट वाटतं, बघायला तेवढं वाटत नाही. जुन्या कपड्याची मऊ दोरी वळायची, एक टोक मुलाच्या कमरेला, दुसरं घराच्या खांबाला. लांबी एवढीच, की मूल सावलीत लोळेल, मातीत खेळेल, पण बांधापर्यंत पोचणार नाही. मलाही बांधायचे. आई म्हणते मी दोरी दाताने कुरतडायचे, आणि म्हणूनच माझे पुढचे दात असे पुढे आले.

बांधल्याशिवाय गत्यंतर नसतं. घरातून बाहेर पडलं की बांध, बांधाला लागून पाण्याचा चर, आणि चराच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, मोठं लाकडी दार. भरती आली की दारवाला साखळी ओढून ते दार उचलतो आणि समुद्राचं पाणी धडधडत आत घुसतं. मोठा माणूससुद्धा त्या धारेत उभा राहू शकत नाही. म्हणून दार उचलायच्या आधीपासून ते पुरतं वर जाईपर्यंत तो तेलाचा एक जुना डबा लोखंडी गजाने बडवतो. डबा वाजला की ज्या बाईचं मूल सुटं असेल तिने डोक्यावरची पाटी टाकून घराकडे धावायचं, मूल बांधायचं, आणि परत येऊन पाटी उचलायची.

ज्या घरात मोठी मुलगी असते तिथे दोरी लागत नाही. मोठी मुलगी हीच दोरी.

गेल्या हंगामात आमच्या घरची दोरी मी होते. माझा भाऊ, ढब्बू, तेव्हा नुकता पळायला शिकला होता, आणि तो चालायचा असा कधी नाहीच. उठला की पळायचा. मी त्याच्यामागे आणि माझी शाळा माझ्यामागे. हंगाम संपल्यावर मी शाळेत गेले तेव्हा हेडबाईंनी मला समोर उभं केलं. "हुशार आहेस म्हणून परीक्षेला बसू देते," त्या म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर नाव काढावं लागेल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस." मी रडले नाही. तेव्हा मला रडायलाही लाज वाटायची, बोलायलाही. वर्गात प्रश्न आला की मी बाकाखाली पेन्सिल शोधायला लागायचे.

यंदा पाहुणी आली आणि माझी पेन्सिल सापडली.

ती परदेशातून आली होती, विमानाने, मग आगगाडीने, मग मीठ नेणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून. तिकडे ती शिक्षिका व्हायचं शिकत होती. हंगामभर आमच्या मुलांसाठी काम करायचं, एक पैसाही न घेता, असं तिने स्वतःहून ठरवलेलं. मिठाचं जुनं रिकामं गोदाम तिला मिळालं आणि राहायला आमचं घर, कारण आत्याच्या खोलीत एक जास्तीची खाट होती. तिची भाषा आम्हाला शाळेत एक विषय म्हणून आहे. बाबा तिच्याशी खुणांनी बोलायला लागले, हात हलवून हलवून, जणू मिठाच्या वाफ्यातले पक्षी हाकलतायत. मी दाराआडून एक वाक्य बोलले. पुस्तकातलं, तुमचा प्रवास कसा झाला वगैरे. पाहुणी माझ्याकडे वळली आणि तिने उत्तर दिलं. मला कळलं. मग मी आणखी एक वाक्य बोलले. तेव्हापासून मी थांबलेच नाहीये, असं आईचं म्हणणं आहे.

आत्याने तिचं नाव 'उंचाडी' ठेवलं. पहिल्या दिवशी आत येताना पाहुणीचं डोकं आमच्या चौकटीला आपटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आत्या आधीच म्हणाली, "आपट." आणि ती आपटली.

"काय म्हणाल्या त्या?" पाहुणीने कपाळ चोळत मला विचारलं.

"या, बसा म्हणतेय," मी सांगितलं.

आत्या बाबांची थोरली बहीण. तिचं सगळं आयुष्य मिठाच्या पाट्या वाहण्यात गेलं. आमच्याकडे सगळ्यांचेच पाय फाटतात, खारं पाणी आणि मिठाचे खडे ते फाडतातच, पण आत्याच्या टाचांना पडलेल्या भेगा आता भरून यायच्या बंद झाल्या होत्या. यंदा हंगामाच्या पहिल्या सकाळी बायका पाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. मुकादम रांगेवरून फिरत आला. आत्याच्या पायांकडे त्याने बघितलं, आणि तिची खाली ठेवलेली पाटी बुटाने हळूच बाजूला सारली. "आता घरी बसा, मावशी," तो म्हणाला.

त्याच्या बापाच्या वेळेपासून ती तिथे होती, आणि तो तिला कधी मावशी म्हणाला नव्हता. आत्या पाटी तिथेच ठेवून बांधावरून घरी आली. मग रोज घराच्या दारात पाटावर बसून, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायचं काम तिने हाती घेतलं. तिचा आवाज या टोकाच्या वाफ्यापासून त्या टोकाच्या वाफ्यापर्यंत जातो. जेवताना मात्र ती हल्ली पातेल्यात डोकावून बघायची आणि मग आपल्या ताटात वाढून घ्यायची, थोडंसं.

"वन्सं, घ्या ना अजून," आई म्हणायची.

"बसून खाणाऱ्याला भूक कसली," आत्या म्हणायची.

पाहुणीने गोदाम झाडलं, पांढरा रंग दिला, चटया टाकल्या. आयांनी मुलं सोडली आणि दोऱ्या गोदामातल्याच एका खिळ्याला लटकवल्या. आम्ही मोठ्या मुली शाळेत जायला लागलो. पहाटे उठून मी पाणी भरायचे, ढब्बूला गोदामात सोडायचे आणि बांधावरून जे पळायचे ते थेट सडकेपर्यंत. दुपारी परत आले की दप्तर खाटेखाली, डोक्यावर चुंबळ, आणि आईबरोबर पाट्या. बाबा लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ कडेला ओढत, आम्ही ते भरून ढिगावर नेत असू. उन्हात मीठ इतकं पांढरं चमकतं की डोळे बारीक करूनच काम करावं लागतं. आमच्यातल्या सगळ्यांच्याच डोळ्यांच्या कडेला लवकर सुरकुत्या येतात. पाटीतून पाणी गळत मानेवर येतं, सुकतं आणि तिथे खाज सुटते. खाजवायला हात मोकळा नसतो. पण मी ते सगळं करताना शाळेतल्या कविता म्हणायचे, मोठ्याने, आणि पुढची बाई म्हणायची, "अगं, जरा दम खा, तुझं ऐकूनच मी थकले."

आता डब्याचं सांगते.

मुलांना बोलवायला घंटा हवी होती. पाहुणीला गोदामामागे तेलाचा एक रिकामा डबा सापडला आणि तिने तो काठीने वाजवला. मिठागरातल्या सगळ्या बायकांनी डोक्यावरच्या पाट्या टाकल्या आणि घराकडे धूम ठोकली. मीठ बांधावर, मीठ चिखलात. बायका धापा टाकत गोदामाशी पोचल्या तर पाहुणी डबा हातात धरून हसतमुखाने उभी. सगळ्यांचं स्वागत करत होती.

त्या दिवशी आम्ही हसून हसून बेजार झालो. दारवाला पोट धरून खाली बसला. मग त्यानेच तोडगा काढला. "मी वाजवतो तो सलग. थांबतच नाही. हिने दोन-दोन वाजवावे. टण टण, मग थांबायचं. मग टण टण. म्हणजे गोंधळ नको." सगळ्यांना पटलं. मुकादमाने मान डोलावली. मी पाहुणीला समजावलं, तिने वाजवून दाखवलं, बायका म्हणाल्या, कळतंय, स्पष्ट कळतंय. मोठ्यांचं सगळं ठरलं. ज्यांच्यासाठी डबा वाजणार होता ते दोन-तीन वर्षांचे होते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मुलांना डबा फार आवडला. डबा म्हणजे गाणं, डबा म्हणजे खाऊ, डबा म्हणजे पाहुणी दोन्ही हात पसरून उभी आणि जो पहिला पोचेल त्याला ती उचलून गरगर फिरवणार. टण टण झालं की मुलं असतील तिथून आवाजाच्या दिशेने सुसाट सुटायची.

त्या दिवशी शाळेत मोठ्या वर्गांची परीक्षा होती म्हणून आम्हाला सुट्टी होती. सकाळपासून मी आईबरोबर होते. वारा पडला होता. आमच्या घरासमोरचा मोठा वाफा पिकून तयार झाला होता. वर मिठाची पापडी धरलेली, अखंड, दुधावरच्या सायीसारखी. अशा वाफ्यात कुणी पाय घालत नाही. पाय पडला की खालचा चिखल वर येतो आणि मीठ करडं होतं. बांधावरूनच लांब फळीने ते हळूहळू ओढायचं असतं. बाबा दुपारी ते काम काढणार होते.

डबा सुरू झाला तेव्हा मी आईच्या डोक्यावर पाटी चढवत होते. सलग वाजत होता. आईने मानही वळवली नाही. कुणीच वळवली नाही. मुलं गोदामात होती ना.

मी सहज तिकडे बघितलं. गोदामाच्या दारातून मुलं बाहेर पडत होती. एकामागून एक, हात वर करून, हसत. एरवी दारातच असणारी पाहुणी एका पोराला धुवायला मागच्या बाजूला गेली होती. आणि मुलं बांधावर चढली आणि आवाजाच्या दिशेने पळाली. दाराच्या दिशेने. पाण्याच्या दिशेने.

मी पाटी सोडली. ती आईच्या खांद्यावरून खाली गेली. मी ओरडले, पण आवाज तिथवर पोचेना. आम्ही मिठागराच्या लांबच्या टोकाला होतो. दारवाल्याची पाठ मुलांकडे होती, तो डबा बडवत होता आणि त्याच्या समोर साखळी अर्धी ओढून खुंटीला अडकवलेली होती.

मग आत्याचा आवाज आला.

"खाली बसा!"

तो असा आला की मीही बसता बसता राहिले. बांधावरची पोरं होती तिथे टपाटप खाली बसली. एकाने तर डोक्यावर हात घेतले. अख्खी रांग बसली.

एक सोडून. ढब्बू पळत राहिला. आमचा ढब्बू आत्याच्या मांडीवर वाढलाय. ती दिवसभर ओरडते आणि तो त्या ओरडण्यातच झोपतो. त्याला त्यात नवीन काय?

आत्या उठली. घमेलं कलंडलं. घरापासून खाडीच्या दारापर्यंत बांधाने जायचं तर मोठा वळसा पडतो. आत्याने बांध घेतलाच नाही. ती सरळ पिकलेल्या वाफ्यात उतरली. अनवाणी, त्या फाटलेल्या पायांनी, पापडी मोडत, घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यात. मिठाच्या त्या पापडीला काचेसारख्या कडा असतात. मी पळत होते आणि बघत होते. ती पळत नव्हती, तिला पळता येत नाही. ती फक्त थांबत नव्हती.

ढब्बू दाराशी पोचला. खालून पाणी उसळत होतं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकून आत बघायला लागला, विहिरीत बघतात तसा. आत्याने मागून त्याची चड्डी धरली आणि दोघं मागच्या मागे बांधावर बसली.

दारवाल्याने वळून बघितलं. हातातला गज खाली पडला. त्याने दोन्ही हातांनी साखळी खुंटीवरून सोडवली आणि दार धाडकन खाली आलं. आवाज बंद झाला. मग तोही तिथेच बसला.

"अक्का," तो आत्याला म्हणाला, "अक्का, जीव भांड्यात पडला माझा." पण त्याच्या ओठांचा रंग अजून परत आला नव्हता.

आई आली. तिने आधी ढब्बूच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला उचलून छातीशी असा दाबला की तो गुदमरून रडायला लागला. सगळ्या आया आपापली पोरं उचलत होत्या. कुणी मोजत होतं, पुन्हा मोजत होतं. पाहुणी बांधावर आली होती, ओले हात समोर धरून.  

मुकादम आला तो वाफा बघत. पांढऱ्या पापडीवर आत्याची वाट तिरकी उमटली होती, काळ्या चिखलाची, आणि मध्येमध्ये लाल.

"अख्खा वाफा नासला," तो म्हणाला. मग आत्याच्या पायांकडे बघून थोडा अडखळला. "म्हणजे, मुलगा वाचला ते चांगलंच झालं. पण वाफा नासला, हे कुणाच्या नावावर लावू?"

बाबा मुकादमासमोर कधी तोंड उघडत नाहीत. मान खाली घालून 'होय' म्हणायचं, एवढंच. ते फळी घेऊन उभे होते.

"आमच्या लावा," ते म्हणाले. त्यांनी मान खाली घातली नाही. मुकादमच दुसरीकडे बघायला लागला.

संध्याकाळी आई आत्याच्या पायांतले मिठाचे कण काढत बसली. गोड्या पाण्याने धुवायचं, कण दिसला की नखाने काढायचा, पुन्हा धुवायचं. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून होती. ढब्बू तिच्या मांडीवर पालथा झोपला होता, काहीच घडलं नाही असा.

तेवढ्या वेळात गोदामातल्या खिळ्यावरच्या दोऱ्या गेल्या. एकेक बाई आली, आपली दोरी ओळखून घेऊन गेली. आमची दोरी, माझ्याच लहानपणची, आईने आणली आणि कोनाड्यात ठेवली. दोरी कोनाड्यातच राहणार हे मला माहीत होतं. ढब्बूला आता दोरी पुरत नव्हती, तो गाठ सोडायला शिकला होता.

"उद्यापासून तू घरी," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

"आई, हेडबाई नाव काढतील."

"काढू देत. नाव परत लागतं."

मी दप्तराकडे बघितलं. ते खाटेखाली होतं. मला वाटलं त्याला आणखी आत ढकलावं, म्हणजे दिसणार नाही.

पाहुणी बाहेर ओट्यावर बसली होती. जेवायला आली नव्हती. आत्याने डोळे न उघडता विचारलं, "ती उंचाडी कुठाय?"

"बाहेर. रडतेय."

"आत बोलव. डोकं सांभाळ म्हणावं."

पाहुणी आत आली. वाकून आली, या वेळी आपटली नाही. आत्यासमोर जमिनीवर बसली आणि तिच्या पायांकडे बघून पुन्हा रडायला लागली.

"तिला सांग," आत्या म्हणाली, "रडून माझे पाय भरणार नाहीत. आणि तिला सांग की अक्कल नावाची वस्तू तिकडे मिळत असेल तर पुढच्या वेळी पिशवीत घालून आण."

एरवी मी म्हणाले असते, आत्या म्हणतेय काळजी करू नका. त्या संध्याकाळी मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाहुणीने ऐकलं, मान हलवली. मग ती म्हणाली, "त्यांना विचार, त्यांनी मुलांना बसवलं कसं?"

मी विचारलं.

"कसं म्हणजे? ओरडून."

"ती म्हणते, तिने इतके दिवस मुलांना पळत यायला शिकवलं. तू एका ओरडण्यात बसायला शिकवलंस. ती म्हणते, उद्या गोदामात येशील का?"

आत्याने डोळे उघडले. "मी? कशाला?"

"मुलं सांभाळायला. तिच्याबरोबर."

"मला मुलं घाबरतात."

मी ते सांगितलं. पाहुणी म्हणाली, "तेच तर हवंय." हे मी भाषांतर करायच्या आधीच आईला हसू आलं, ते कसं कळलं तिला, कोण जाणे.

आत्या मात्र हसली नाही. तिने पाय आईच्या हातातून ओढून घेतले. "हे बघ," ती म्हणाली, "माझ्या पायांची कीव आली म्हणून काही काढू नका. बसून खातेय ते खातेय."

"आत्या," मी म्हणाले, आणि मला वाटतं मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "कीव तुझी नाही, माझी कर. तू गेली नाहीस तर मी घरी बसणार. मग आपण दोघी दारात बसून टोमणे मारू. पाट एकच आहे."

बाबा कोपऱ्यात जेवत होते. त्यांना ठसका लागला.

आत्याने माझ्याकडे बघितलं. "जीभ बरीच सुटली गं तुझी," ती म्हणाली. मग आईला म्हणाली, "ते ताट इकडे दे. भात वाढ. अजून वाढ, उद्या ओरडायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याला उचलून नेलं. बाबांनी एका बाजूने, पाहुणीने दुसऱ्या बाजूने, मध्ये पाट. आत्या रस्ताभर दोघांना शिव्या देत होती आणि रस्त्यावरच्या सगळ्यांकडे बघत होती, लोक बघतायत ना म्हणून. गोदामाच्या दारात तिने पाट ठेवायला लावला, बरोबर मध्ये, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय कुणी बाहेर पडणार नाही.

पण आत मूल होतं एकच, ढब्बू. बाकीच्या आया लांब उभ्या राहून बघत होत्या, कमरेवर पोरं घेऊन.

आत्याने खेळ सांगितला. डबा वाजला की बसायचं. जिथे असू तिथे, चिखल असो की पाणी. जो उभा राहील तो हरला. पाहुणीचा डबा तिने काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. "वाजव."

मी वाजवला. ढब्बू उड्या मारत माझ्याकडे आला.

"बस!" आत्या ओरडली. गोदामाचा पत्रा थरथरला. ढब्बू हसला.

पुन्हा वाजवला. पुन्हा ओरडली. पाहुणी स्वतः बसून दाखवत होती, उठत होती, बसत होती. ढब्बूला हे फार आवडलं. तो पाहुणीच्या पाठीवर चढला. बाहेर बायका कुजबुजायला लागल्या. आईने तोंड फिरवलं.  मला हेडबाईंचा तो हजेरी घेतानाचा आवाज ऐकू यायला लागला.

"थांब," आत्या म्हणाली. तिने ढब्बूला जवळ बोलवलं. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एकदम हळू, अगदी कानात सांगतात तसं, म्हणाली, "डबा वाजला की बसायचं हं, राजा."

ढब्बूचं हसू गेलं. आत्याला असं हळू बोलताना त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, काहीतरी भयंकर झालंय अशा तोंडाने.

मी डबा वाजवला. ढब्बू बसला. घट्ट मांडी घालून, हात मांडीवर.

बाहेरून दारवाला म्हणाला, "अक्का, मलाही भीती वाटली हो."

मग एक बाई पुढे आली आणि तिने आपलं पोर आत सोडलं. मग आणखी एक. दुपारपर्यंत गोदाम भरलं. दारवाल्याने आपली अट घातली: डबा पहिल्यासारखाच आधी वाजेल, पण आता जोपर्यंत अक्का गोदामातून लाल फडकं हलवत नाही, तोपर्यंत साखळीला हात लागणार नाही. "भरती थांबेल का त्यासाठी?" मुकादमाने विचारलं. "भरती थांबत नाही, मी थांबतो," दारवाला म्हणाला. मुकादम पुटपुटत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी जाता जाता तो गोदामापाशी घुटमळला. दारात पाटावर बसलेल्या आत्याला म्हणाला, "बरंय ना, अक्का?" मावशी नाही म्हणाला. आत्या म्हणाली, "बाजूला हो, ऊन अडतंय."

मुलांना बोलवायला आता डबा वाजत नाही. आत्या दारातून हाक मारते आणि ती हाक खाडीपलीकडेही कुणी दुसरी समजणार नाही. पाहुणी तिच्याकडून आमच्या भाषेतले शब्द शिकते. ती शाळेत कुणासमोर म्हणू नयेत असले शब्द शिकतेय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आईने दोरी कोनाड्यातून काढली आणि परत नेऊन खिळ्याला लावली. सगळ्यांच्या नंतर लावली, चार-पाच दिवसांनी. परतताना म्हणाली, "दप्तर झाड, धूळ बसली असेल."

हेडबाईंनी मला पुन्हा समोर उभं केलं. मधले दिवस कुठे होतीस, म्हणाल्या. मी पेन्सिल शोधली नाही. मी सगळं सांगितलं, वाफा, पापडी, ढब्बूची चड्डी, सगळं, आणि मध्येच आत्याचा आवाज काढून दाखवला. शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले. हेडबाई म्हणाल्या, "बस खाली," आणि हजेरीकडे वळल्या. त्यांनी माझं नाव घेतलं. मी म्हणाले, "हजर."

परवा मी शाळेतून परत येत होते. बरोबर सडकेपलीकडची एक मैत्रीण होती, तिला मिठागर बघायचं होतं. आम्ही बांधावर चढलो आणि डबा सुरू झाला, सलग. तिकडे गोदामासमोर मुलं मोकळी खेळत होती. बघता बघता सगळी खाली बसली. एक जण डबक्यात बसला. पाहुणी धुणं घेऊन चालली होती, ती बादलीसकट बांधाच्या मध्यावर बसली, लांब पाय चिखलात पसरून. ढब्बू तिच्यामागे, मांडी घालून, हात मांडीवर. आत्याने पाटावरून सगळ्यांवर नजर फिरवली, सावकाश, मग लाल फडकं वर केलं. दारवाल्याने साखळीला हात घातला.

"अगं, तुला काय झालं?" मैत्रिणीने विचारलं.

मी खाली बघितलं. मी दप्तरासकट बांधावर बसले होते.

"काही नाही," मी म्हणाले. "तूही बस. पाणी येतंय."